शांतता! पीसी चालू आहे

मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मित्राने विचारलं, "घरी पीसी असेंबल करायचाय, चाळीस-पन्नास हजारांत. ग्राफिक कार्ड कुठलं टाकू?" मी म्हटलं, "ते राहू दे. पीसी कुठल्या खोलीत ठेवणार? आणि त्या खोलीत अजून कोण असतं?" त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वास्तुशास्त्र सांगायला लागलोय. पण प्रश्न अगदी गंभीर होता. मी स्वतः तो स्वतःला फार उशिरा विचारला, आणि तोवर घरात भलताच घोळ होऊन बसला होता. म्हटलं, आता सगळं एकदा लिहूनच काढू.

तर झालं असं.

आमचं घर डोंबिवलीत, वन बीएचके. हॉलच्या एका कोपऱ्यात माझं टेबल, टेबलाखाली पीसी, आणि समोर चार फुटांवर दिवाण. आई गेल्यावर २०२३ मध्ये अण्णा आमच्याकडे राहायला आले आणि तो दिवाण अण्णांचा झाला. पीसी २०१४ सालचा. सहा कोअरचा, ९५ वॅटचा प्रोसेसर, त्याच्या डोक्यावर डब्यासोबत आलेला छोटासा पंखा, एक सेकंडहँड ग्राफिक कार्ड, दोन टीबीची हार्ड डिस्क, आणि कॅबिनेटसोबत 'फ्री' मिळालेला एसएमपीएस. चालू केला की घूंऽऽऽ असा आवाज यायचा. मला त्याची इतकी सवय झाली होती की तो आवाज आहे हेच मी विसरलो होतो.

अण्णा इचलकरंजीचे. चौतीस वर्षं त्यांनी यंत्रमागावर काढली. आधी मागवाला म्हणून, मग जॉबर म्हणून. (जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन सपोर्ट. तोही रात्रपाळीसकट.) ज्यांनी साध्या मागांची शेड आतून पाहिलेली नाही त्यांना तो आवाज समजावून सांगणं अवघड आहे. धोटा इकडून तिकडे आपटतोय, मिनिटाला शंभरावर वेळा, आणि असे वीस-पंचवीस माग एका पत्र्याखाली. आवाज सहज ९५ डेसिबलच्या वर जातो. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण शेडमध्ये ती मोजतंय कोण! तिथे लोक एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडतात, नाहीतर सरळ खुणांनी बोलतात.

अशा आवाजाने कान जातो तो एकदम जात नाही. आधी साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं कमी होतं. स, त, क, फ अशा व्यंजनांची धार त्याच वरच्या पट्ट्यात असते. म्हणजे माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. 'सात' म्हटलं की 'हात' ऐकू येतं. मग तो माणूस दोन-तीनदा "काय?" विचारतो, आणि नंतर विचारणं सोडून देतो. अण्णांनी विचारणं सोडून दिलं होतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत त्यांना कानाचं मशीन घेतलं. त्याचे आकडे इथे लिहीत नाही, पण 'चाळीस हजारांतच पीसी' हे बजेट त्यातूनच आलं एवढं लक्षात घ्या. पहिले चार दिवस मजेत गेले. कुकरची शिट्टी, खालच्या भाजीवाल्याची हाळी, सगळं ऐकू येत होतं. मग हळूहळू मशीन डबीत जास्त आणि कानात कमी दिसायला लागलं. मी मनातल्या मनात वैतागलो. एवढे पैसे घातले आणि हे वापरत नाहीत! संध्याकाळी मी टेबलावर बसलो की हे मशीन काढून दिवाणावर आडवे. मला वाटलं, त्यांना माझ्याशी बोलायचंच नाहीये. आमचं तसंही फार बोलणं कधी नव्हतं.

शोध बायकोने लावला. (बग नेहमी दुसऱ्यालाच सापडतो.) म्हणाली, "अरे, तू पीसी लावलास की ते मशीन काढतात. तू नसताना दिवसभर असतं की कानात."

मी जाऊन विचारलं. अण्णा जरा ओशाळले. म्हणाले, "तुझं ते डबडं चालू झालं की कानात शेडच सुरू होतीया बघ. तुझं काम असतंय, म्हणून बोललो नाही."

नंतर कळलं की यात त्यांचा हट्ट वगैरे काही नव्हता. कानाचं मशीन सगळे आवाज सारखे वाढवत नाही. हळू आवाज जास्त वाढवतं आणि मोठे कमी. ते बरोबरच आहे, नाहीतर फटाक्याने माणूस उडेल. पण त्यामुळे चार फुटांवरचा सतत घूं करणारा डबा त्यांच्या कानात माझ्या-तुमच्यापेक्षा कितीतरी मोठा होऊन जात होता. मशीनमध्ये असा सततचा आवाज दाबायची सोय असते, पण मशीन बसवून देणाऱ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "खोलीतला आवाजच कमी झाला तर त्यासारखं दुसरं काही नाही."

म्हणजे चेंडू माझ्या कोर्टात.

पहिला उपाय मी अत्यंत इंजिनिअरी बाण्याने, म्हणजे विचार न करता केला. उल्हासनगरहून सोफ्यात घालतात तो फोम आणला आणि कॅबिनेटच्या आतून सगळीकडे चिकटवला. पहिली दहा मिनिटं सुखाची गेली. मग आतली गरम हवा आतच कोंडली, प्रोसेसर तापला, आणि पंखे आधीपेक्षा जोरात ओरडायला लागले. वर तो फोम पेट घेणाऱ्यातला! दुसऱ्या दिवशी मुकाट्याने खरवडून काढला. त्यातून एक धडा मात्र मिळाला. पीसीत आवाज हा आजार नसतो, लक्षण असतं. आजार म्हणजे उष्णता. वॅट कमी करा, आवाज आपोआप कमी होतो. उष्णता तेवढीच ठेवून आवाज दाबायला गेलात तर तो दुसऱ्या दाराने परत येतो.

मग शहाण्यासारखं ठरवलं, आधी आवाज नेमका कुठून येतो ते शोधू. प्रोफाइलिंग केल्याशिवाय ऑप्टिमायझेशन करू नये, हे ऑफिसात आपण ज्युनिअर पोरांना सांगत असतोच की. पद्धत साधी आहे. रात्री सगळं शांत झालं की पीसी चालू ठेवून एकेक पंखा मधल्या गोल भागावर पेन्सिलीच्या मागच्या रबराने दोन सेकंद दाबून थांबवायचा आणि फरक ऐकायचा. (एसएमपीएसच्या पंख्याला हे अजिबात करू नका. आत २३० व्होल्ट आहेत. त्याला नुसता कान लावा.) मोबाइलवरचं डेसिबल मोजायचं ॲप आकडा खरा सांगत नाही, पण एकाच जागेवरून, एकाच फोनने दोन वेळा मोजलं तर फरक बऱ्यापैकी कळतो. माझ्याकडे खोली नुसती ३४ आणि पीसी चालू केला की ४७ दाखवत होतं. दर दहा डेसिबलला आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, म्हणजे बघा.

सगळे पंखे तपासले तरी एक खालच्या पट्टीतली गुरगुर काही सापडेना. मी टॉर्च घेऊन टेबलाखाली पालथा पडलेलो, तेवढ्यात अण्णा उठून आले. मशीन कानात नव्हतंच. त्यांनी खाली वाकून कॅबिनेटवर नुसता तळहात ठेवला. मग टेबलाच्या पायावर, मग परत कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला. "हितं काय फिरतंय?" मी म्हटलं, हार्ड डिस्क. "तीच. घट्ट आवळलीयास पत्र्याला. पत्राच वाजाय लागलाय."

मी चाट! ७२०० आरपीएमची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे. ती १२० हर्ट्झची थरथर स्क्रूमधून पत्र्यात, पत्र्यातून टेबलात, आणि टेबल म्हणजे तबल्याची शाई. चौतीस वर्षं ज्या माणसाने आवाजाच्या महापुरात बिघडलेला माग हाताने ओळखला, त्याला हे किस झाड की पत्ती. दुसऱ्या दिवशी खालच्या सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबचे तुकडे आणून त्यांनी स्वतःच डिस्कच्या स्क्रूखाली आणि कॅबिनेटच्या पायांखाली घातले. गुरगुर निम्म्यावर आली. खर्च शून्य रुपये.

पण बाकीचं ट्यूबच्या तुकड्यांनी भागणारं नव्हतं. नवा पीसी घ्यायचा ठरलं, आणि मी एक्सेल उघडलं.

आता थोडं पंख्याचं शास्त्र. घाबरू नका, तुमच्या डोक्यावरच त्याचं उदाहरण लटकतंय. छतावरचा पंखा १२०० मिलिमीटरचा, मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे. अख्ख्या खोलीची हवा हलवतो आणि त्याच्याखाली आपण झोपतो. उलट मिक्सर घ्या: पातं बोटभर, फेरे अठरा-वीस हजार, आणि चटणी वाटताना घरात बोलणं बंद. म्हणजे मोठं आणि सावकाश ते शांत, छोटं आणि वेगवान ते कर्कश. पीसीच्या पंख्यातही हेच. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी १२० किंवा १४० चा घेतला तर तेवढीच हवा कमी फेऱ्यांत मिळते. आणि फेरे कमी करण्याचा फायदा भरमसाट आहे. फेरे निम्मे केले की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. एकासारखा दुसरा पंखा शेजारी जोडला तर मात्र जेमतेम ३ डेसिबल वाढतात. म्हणजे निम्म्या वेगाचे तीन पंखे पूर्ण वेगाच्या एका पंख्यापेक्षा शांत! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला टायपो वाटला होता.

या हिशेबाने पार्ट निवडताना मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तू किती वॅट तापणार, आणि तुझ्यात काही फिरतंय का?

पहिला बळी ग्राफिक कार्ड. मी गेम खेळत नाही. (खेळायचो. मग लग्न झालं.) कोड, ब्राउझर, फोटो, सिनेमा यांना वेगळं कार्ड कशाला? ते काढलं की पीसीतला सगळ्यात तापट माणूस आणि त्याचे दोन पंखे गेले, शिवाय पंधरा-वीस हजार वाचले. तुम्हाला खेळायचंच असेल तर असं कार्ड बघा ज्याचे पंखे काम नसताना पूर्ण थांबतात. पण आधी स्वतःला खरं उत्तर द्या, की महिन्यातून किती तास खेळता.

प्रोसेसर मग असा हवा ज्याच्या पोटातच ग्राफिक आहे. एएमडीचा रायझन ५ ५६००जी घेतला. २०२१ चा, सहा कोअर, ६५ वॅट, आणि बायोसमध्ये ४५ वॅटपर्यंत आवळता येतो. नवा नव्हता, पण त्याचा मदरबोर्ड आणि डीडीआर४ रॅम दोन्ही स्वस्त होती. इथे एक बारीक गोष्ट: पोटातलं ग्राफिक रॅमच उसनी घेतं, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या. दोन रस्ते मिळाले की फरक दिसतो.

स्टोरेजला सरळ एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी. आत काही फिरतच नाही, विषय संपला. जुनी दोन टीबीची डिस्क बाहेरच्या यूएसबी डब्यात घातली. रविवारी बॅकअपपुरती जोडायची, मग कपाटात.

एसएमपीएस. इथे मंडळी हमखास पैसे वाचवतात आणि इथेच फसतात. समजा पीसीला आत १०० वॅट लागतायत. एसएमपीएस ७० टक्के कार्यक्षम असेल तर तो भिंतीतून १४३ वॅट ओढतो आणि ४३ वॅट स्वतःच्या पोटात जाळतो. ८८ टक्केवाला ११४ ओढतो, जाळतो फक्त १४. ही जळलेली उष्णता बाहेर फेकायला त्याचाच पंखा फिरतो, आणि तो तुमच्या हातात नसतो. म्हणून ८० प्लस गोल्ड घेतला. आणि ५५० वॅटचा. दुकानदार 'फ्युचर'साठी ७५० चा गळ्यात मारतात. पण आपला पीसी नुसता बसलेला असताना तीसेक वॅट खातो, आणि क्षमतेच्या चार-पाच टक्क्यांवर चालताना कुठलाही एसएमपीएस त्याच्या डब्यावर छापलेल्या कार्यक्षमतेच्या जवळपासही नसतो.

कूलर. ५६००जीच्या डब्यात एक छोटा कूलर येतो आणि तो कामचलाऊ आहे. पण इथे आपली हवा आडवी येते. परदेशी रिव्ह्यूमध्ये बहुतेक वेळा खोली २०-२२ अंशांवर ठेवून तापमान मोजलेलं असतं. आमच्या हॉलमध्ये मे महिन्यात दुपारी ३५. म्हणजे तिथे ६५ अंश दिसणारा प्रोसेसर माझ्याकडे ७८-८० दाखवणार, आणि पंखा त्या हिशेबाने ओरडणार. कूलर हवेपेक्षा गार करू शकत नाही, तो फक्त हवेच्या जवळ नेतो. तेव्हा रिव्ह्यूतल्या आकड्यात आपले तेरा-पंधरा अंश मिळवूनच वाचा. म्हणून १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर, डीपकूलचा एके४००. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचे ते सुप्रसिद्ध तपकिरी पंखे उत्तमच, पण त्या पैशात माझा अर्धा मदरबोर्ड आला असता.

राहिलं कॅबिनेट. 'सायलेंट' म्हणून विकली जाणारी, पुढून बंद आणि आतून फोम लावलेली कॅबिनेट्स असतात. थंड देशात ठीक आहेत. फोमचा अनुभव मी आधीच घेतला होता. आपल्याकडे पुढे जाळी हवी, म्हणजे पंखे सावकाश फिरूनही हवा आत येते. फक्त जाळीमागे धूळ अडवणारा फिल्टर निघणारा असावा. दिवाळीच्या साफसफाईत तो धुवायचा, आकाशकंदील काढायच्या आधी.

यादी घेऊन जुलैतल्या एका शनिवारी लॅमिंग्टन रोड गाठला. (नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते विचारलंत तर कुणी सांगणार नाही.) दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, बाहेर धो धो पाऊस, पाठीवर बॅग आणि बॅगेत प्लास्टिकच्या पिशव्या. दुकानदाराला यादी दिली. त्याने वरून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "ग्राफिक कार्ड?" नको म्हटलं. "आरजीबी?" नको. मग एक काचेचं कॅबिनेट पुढे सरकवलं. "ये लो, चार आरजीबी फॅन फ्री." मी पंख्यांच्या वायरी बघितल्या. सगळ्या थेट एसएमपीएसला जोडायच्या, म्हणजे वेग कमी करायची सोयच नाही. लावले की कायम पूर्ण जोरात. मी म्हटलं, मला ४ पिनचे पंखे हवेत, मदरबोर्डला जोडायचे, आवाज नकोय. तो हसला. "भाई, पंखा है, आवाज तो करेगा ही ना."

मी सांगितलं, घरी वडील आहेत, कानाला मशीन आहे. तो एक क्षण थांबला. मग आत ओरडून पोराकरवी वरच्या माळ्यावरून एक धुळकट खोकं काढायला लावलं. काळं, जाळीवालं, पुढे एक आणि मागे एक असे १२० चे ४ पिनचे दोन पंखे. "इसमें लाइट नहीं है, कोई लेता नहीं. ले जाओ." बिल असं झालं: प्रोसेसर ११,८००, मदरबोर्ड ८,४००, रॅम ३,३००, एसएसडी ५,६००, एसएमपीएस ५,७००, कॅबिनेट ३,६००, कूलर २,३००. एकूण ४०,७००. बायकोला चाळीस सांगितले.

(हे भाव २०२४ च्या पावसाळ्यातले आहेत. हा लेख दाखवून दुकानदाराशी भांडू नका. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. घरात जुन्या चालणाऱ्या पट्ट्या असतील तर जपून ठेवा. आणि हो, "मॅक मिनी घ्यायचा ना, किती शांत असतो" असं म्हणणाऱ्यांसाठी: एम४ वाला ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, ५९,९०० ला. शांत आहे, मान्य. पण माझं बजेट संपलं होतं आणि त्यात अण्णांना स्क्रू पिळता आले नसते.)

कारण जोडायला अण्णाच बसले. मी मॅन्युअल वाचत होतो, ते पिळत होते. थर्मल पेस्ट हरभऱ्याच्या डाळीएवढी टाकायची म्हटलं तर म्हणाले, "वंगण कमीच लावायचं असतंय, जास्त झालं की धूळ धरतंय." अगदी तेच कारण नव्हे, पण निष्कर्ष बरोबर. दोन तासांत पीसी उभा राहिला. चालू केला. मी वाकून बघितलं, की पंखे फिरतायत ना!

आणि तरीही पहिल्याच संध्याकाळी अण्णांनी मशीन काढलं.

मी अक्षरशः रडकुंडीला आलो. ॲप ३६ दाखवत होतं! विचारलं तर म्हणाले, "आवाज न्हाई मोठा. पर हे मधीच दम का टाकतंय?" मी कान देऊन ऐकलं. खरंच. ब्राउझरमध्ये एक टॅब उघडला की प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारायचं, पंखा व्हूऽऽ करून वर जायचा, दोन सेकंदांनी खाली. परत वर, परत खाली. एकसुरी आवाजाची मेंदूला सवय होते, बदलत्या आवाजाची होत नाही. सतत वाहणाऱ्या नळापेक्षा टपकणारा नळ जास्त छळतो ना, तसं.

यावर पैसे लागत नाहीत. बायोसमध्ये जाऊन पंख्याची रेघ बदलली. ६५ अंशांपर्यंत पंखा एकाच सावकाश वेगात, साधारण ७०० फेरे; त्यापुढे हळूहळू चढ; आणि वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबायचं. त्या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची आहे, तो ७० वर गेला म्हणून मरत नाही. आपणच उगाच आकडा बघून घाबरतो. सोबत प्रोसेसर ४५ वॅटवर आवळला. माझ्या कामात फरक जाणवला नाही. मोठं बिल्ड चालवलं तर थोडा जास्त वेळ लागत असेल, तेवढ्यात चहा होतो.

तेव्हा पैसे कमी असतील तर माझ्या मते क्रम असा लावा. आधी नको ते काढा, मग फिरणारं काढा, मग एसएमपीएस चांगला घ्या, मग कूलर. कूलर सहा महिन्यांनी बदलता येतो. डब्यातला लावून सुरुवात करा. पंख्याची रेघ फुकट आहे, ती पहिल्याच दिवशी लावा. दिवे सगळ्यात शेवटी. जमलं तर कधीच नको.

आणि अण्णा? मशीन आता संध्याकाळी कानातच असतं. याचा अर्थ आम्ही तासन् तास गप्पा मारतो असा नाही. दोघांनाही ती सवय नाही. पण एकदा मी काहीतरी डीबग करत तोंडातल्या तोंडात शिव्या देत होतो, तर मागून आवाज आला, "काय बिघडलंय?" मी मान न वळवता सांगायला लागलो, की एक काम दुसऱ्याची वाट बघतंय, दुसरं पहिल्याची, आणि दोन्ही अडकून बसलीत. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "मग एकाला मागं घे की." बारा वर्षं मी या धंद्यात आहे आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला माझं काम काय असतं ते विचारलं. की आधीही विचारलं असेल आणि त्या घूंऽऽऽ मध्ये मलाच ऐकू आलं नसेल? कान काय त्यांचेच गेले होते असं नाही.

असो. पहिल्या मे महिन्यात पीसीने उत्तम साथ दिली, तक्रार आली ती वेगळीच. उकाड्यात छतावरचा पंखा पाचवर, आणि त्याचं बेअरिंग कुरकुरतंय. अण्णा दिवाणावर उभे राहून, एक हात पंख्याच्या दांडीवर ठेवून म्हणाले, "आता ह्याचं काय करायचं ते बघ."

एक्सेल परत उघडलं आहे. :-)